कोसावरची शाळा

डोंगरगडहून नागपूरकडे निघालेली गाडी बोरतलाव मागे टाकून घाटात शिरते, बोगद्यातून बाहेर पडते आणि महाराष्ट्रातलं पहिलं स्टेशन येतं ते दरेकसा. हावडा-मुंबईसारखा वाहता मार्ग, पण मेल-एक्स्प्रेस इथे थांबत नाहीत. थांबतात त्या माघ पौर्णिमेच्या दिवसांत. कचारगडच्या यात्रेसाठी काही गाड्यांना खास थांबा मिळतो, आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासूनची गोंड माणसं या लहानशा फलाटावर उतरून धनेगावच्या दिशेने चालू लागतात. सातरंगी झेंडे, डोक्यावर पिवळे फेटे, हातात नारळ. यात्रा संपली की फलाट पुन्हा मोकळा.

ही माणसं ज्या गुहेकडे जातात तिची कथा मुलांची आहे. काली कंकालीची 33 मुलं गुहेत कोंडली गेली होती आणि दारावर मोठी शिळा होती, असं गोंडी परंपरा सांगते. हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी ती शिळा हलली. मुलं बाहेर आली, वादक मात्र शिळेखाली गेला. जंगो रायताडने मुलांना सांभाळलं आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना शिकवलं. गोटुल ही शिकण्याची जागा लिंगोनेच उभी केली, असं मानतात. रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडी भाषेचा आणि पुनेम या गोंडी धर्मपरंपरेचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मोतीरावण कंगाली यांनी हे सारं लिहून ठेवलं, म्हणून ते आपल्यासारख्या बाहेरच्यांपर्यंत पोचलं. दरेकसा परिसरातल्या शाळांचा इतिहास लिहायला बसलं की पहिलं पान सरकारी कागदांच्या कितीतरी आधीचं निघतं, ते असं.

सरकारी पान 1860च्या दशकातलं आहे. 1861मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत जुळवला आणि पुढच्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत प्रांताचं शिक्षणखातं सुरू झालं. भंडारा हा त्या प्रांताचा जिल्हा, आणि दरेकसा ज्यात येतं तो सालेकसा तालुका, जो आज गोंदिया जिल्ह्यात आहे, त्याच्या पूर्वेच्या टोकाला. पश्चिमेकडे तलावांची आणि धानाची सपाट मालगुजारी गावं, पूर्वेला डोंगरातल्या जमीनदाऱ्या. शेतसाऱ्यावर शिक्षणाची पट्टी बसली आणि तिच्यातून शाळा निघू लागल्या. पट्टी सगळ्यांनी भरायची, शाळा मात्र मोठ्या गावात, बाजाराच्या किंवा मालगुजाराच्या वाड्याच्या आसपास. 1882मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच दुखणं मांडलं होतं: पैसा रयतेच्या घामाचा आणि शिकतात वरचे. फुल्यांच्या डोळ्यांसमोर पुणे-मुंबईकडची रयत होती, पण भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाला त्या निवेदनात एक शब्दही बदलावा लागला नसता.

तेव्हा शाळेच्या बाबतीत कुटुंबापुढे काय पर्याय होते? मालगुजाराच्या मुलाला भंडारा होतं, नागपूर होतं. रयतेच्या मुलाला ढोरं होती. आषाढात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपाने. मुलाचं वर्ष भरलेलंच असायचं. शाळा दोन कोसांवर, मधे नाला आणि जंगल. पावसाळ्यात नाला उतरत नाही आणि उन्हाळ्यात मूल रिकामं नसतं. इथल्या लोकांना शिक्षणाची आवड नव्हती असा शेरा सरकारी अहवालांत वारंवार भेटतो. तो लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पावसाळ्यात तो नाला ओलांडला असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.

हे अंतर तोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न 1937 नंतर झाला. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. कल्पना साधी आणि मोठी धाडसी. ज्या गावाच्या मैलभर परिसरात शाळा नाही आणि शिकण्याजोगी चाळीसेक मुलं-मुली आहेत, तिथे गावातल्याच कुणीतरी जमीन दान द्यायची. तिच्या उत्पन्नातून शाळा चालेल, शिक्षकाचा पगार निघेल. पगार महिना 15 रुपये आणि बांधिलकी अर्ध्या आयुष्याची. 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. विद्यामंदिरांच्या शिक्षकांचं प्रशिक्षणही 1938मध्ये वर्ध्यालाच सुरू झालं.

या योजनेवर थोडं थांबावंसं वाटतं, कारण आज आपण ज्यावर भांडतो ते जवळपास सगळं तिच्यात आहे. शाळा कुणाची? सरकारची की गावाची? खर्च कुणी करायचा? जमीन देणारा अर्थातच जमीनदार असणार. मग शाळेवर वजन कुणाचं राहणार? शिवाय नावावरून वाद पेटला. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम समाजाने हरकत घेतली आणि नागपुरात सत्याग्रहापर्यंत गोष्ट गेली. आपलं मूल ज्या शाळेत जायचं तिचं नाव, भाषा आणि रीत आपल्याला विचारून ठरावी, एवढीच ती मागणी होती. पण ती हाताळायला वेळच मिळाला नाही. नोव्हेंबर 1939मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विद्यामंदिरं हळूहळू विझली. धानाच्या जमिनीवर शाळा चालवायची म्हणजे पाऊस पडला तर मास्तरचा पगार, हाही हिशोब होताच.

त्या काळातल्या शाळांची एक वस्तू अजून जिवंत आहे आणि तिला आज सोन्याचा भाव आहे: दाखल-खारीज रजिस्टर. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. रकाने ठरलेले. अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी सोडण्याचं कारण. जन्मतारीख बहुधा मास्तरने अंदाजाने लिहिलेली असते, म्हणून या भागातले कितीतरी म्हातारे कागदावर 1 जुलैला जन्मलेले असतात. पण खरा मोलाचा रकाना जातीचा. अनुसूचित जमातीचं वैधता प्रमाणपत्र काढायचं तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा पडताळणी समिती मागते, आणि आजोबा-पणजोबांच्या नावापुढे ‘गोंड’ किंवा ‘हलबा’ लिहिलेली शाळेतली नोंद हा त्यातला भक्कम पुरावा.

यातली गोम अशी की पुरावा त्याच्याकडेच असतो ज्याचा आजा शाळेत गेला होता. ज्या आजाने त्या काळात ढोरं चारली त्याचा नातू आज कोतवाल बुकाच्या आणि महसुली कागदांच्या नकला शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. नव्वद वर्षांपूर्वी शाळा दोन कोस लांब होती, त्याची किंमत आज तिसरी पिढी भरते आहे. शाळेचं अंतर मोजताना एवढं लांबचं कुणी मोजत नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांताने जनपद सभा आणल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1956मध्ये राज्य पुनर्रचना झाली, भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि 1 मे 1960ला दरेकसा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचं गाव झालं. नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं. या पट्ट्यातलं मूल घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी ऐकतं, बाजारात हिंदी बोलतं, आणि पहिलीच्या पुस्तकात त्याला पुण्याची मराठी भेटते. ‘आगगाडी’ म्हणजे काय हे दरेकसाच्या मुलाला सांगावं लागत नाही, ती त्याच्या दारावरूनच जाते. पण पुस्तकातला ‘मामाचा वाडा’ त्याने पाहिलेला नसतो. गोंदिया भागात हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळाही टिकून राहिल्या त्या या सीमेच्या खिचडीमुळे. ही एक निवड इथल्या आईबापांना खरोखर मिळाली, आणि तिची कुणी योजना केलेली नव्हती.

1 मे 1962ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जिल्हा परिषदेची शाळा गावोगाव गेली, हे महाराष्ट्राने केलेलं फार मोठं काम आहे आणि आज ते आपण विसरल्यासारखे वागतो. सातवीच्या पुढे मात्र खासगी संस्थांचा प्रदेश सुरू व्हायचा. बिडी उद्योगातून वर आलेले, स्वतः फारसे शिकलेले नसलेले मनोहरभाई पटेल यांनी 1958मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि हायस्कुलं तालुक्यांपर्यंत नेली. आमगावला लक्ष्मणराव मानकरांची भवभूती शिक्षण संस्था उभी राहिली. इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारचा. अनुदानित शाळा ही महाराष्ट्राची जुनी, यशस्वी आणि पुढे बरीच बिघडलेली तडजोड. बिघडली कशी ते शिक्षकभरतीत ‘डोनेशन’ मोजलेल्या कुठल्याही घराला विचारा.

शाळा कुणी चालवायची आणि कुणी निवडायची, हा वाद बाहेरही चालू होता. 1955मध्ये अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. सरकारने शाळा चालवू नयेत, पालकाच्या हाती शिक्षणाची हुंडी, म्हणजे व्हाउचर, द्यावी आणि त्याने हवी ती शाळा निवडावी, असं त्याचं म्हणणं. चिलीने 1981पासून ते मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. आपल्याकडे कोठारी आयोगाने 1964 ते 66च्या दरम्यान अगदी उलटी दिशा दाखवली: शेजारशाळा. एका वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंतांची आणि गरिबांची, त्याच वस्तीतल्या शाळेत. दोन्ही बाजूंची पुस्तकं जाडजूड आहेत. पण दोघांनीही धरून चाललेली एक गोष्ट दरेकसाच्या पट्ट्यात नव्हती, ती म्हणजे निवडण्याजोग्या किंवा शेजारच्या म्हणाव्यात अशा शाळा.

म्हणून इथे सरकारने तिसरा मार्ग काढला. शाळा मुलाकडे नेता येत नाही, तर मूलच शाळेत नेऊन ठेवायचं. आश्रमशाळा. सालेकसा तालुक्यात बिजेपार, जमाकुडो ही गावं आश्रमशाळांमुळे ओळखीची झाली, आणि त्यांचा कारभार देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालू लागला. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं फुकट. ज्या घरात पावसाळ्यात धान संपतं तिथे दोन वेळच्या जेवणाची हमी हीच शाळेची पहिली ओळख होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आश्रमशाळांनी या भागाला शिक्षक, वनरक्षक, नर्स, पोलीस दिले. त्याच आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला 2016मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

एक विचित्र गोष्ट अशी की सालेकसा, देवरी हा पट्टा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या गडचिरोलीचा भाग आहे, गोंदियाचा नाही. त्यामुळे 1996च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले ते या जंगलाला लागू होत नाहीत. नक्षलग्रस्त म्हणून मात्र हा भाग सरकारदरबारी पक्का नोंदलेला राहिला. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात ‘दरेकसा’ हे नाव ‘दलम’ या शब्दाला चिकटूनच यायचं. 2002पासून अशा भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी मिळू लागली, म्हणजे एक पायरी वरचा पगार. तो घेऊन किती गुरुजी गावात राहिले आणि किती जणांनी आमगाव-गोंदियाहून ये-जा केली, यावर गावात बसून तासभर सहज निघतो. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. गुरुजी म्हणतात, राहायला घर दाखवा. गाव म्हणतं, आम्ही राहतो ना!

आता 2000 सालाकडे येतो, कारण या कहाणीत मला सगळ्यात जवळचं वाटणारं प्रकरण तिथे आहे: वस्तीशाळा. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि पंधरा मुलं आहेत, एवढ्यावर टोल्यावर, पाड्यावर शाळा सुरू करता येऊ लागली. शिकवायला वस्तीतलाच किंवा जवळचा बारावी-पदविका झालेला मुलगा किंवा मुलगी, मानधन महिना 1,000 रुपये. इमारत नाहीच. कुणाची पडवी, कुणाचा गोठा झाडून घेतलेला, समाजमंदिर असलं तर चैन. फळा भिंतीला टेकवलेला, चारही इयत्ता एका सतरंजीवर, आणि मागच्या रांगेत शाळेचं वय न झालेलं भावंड मांडीवर घेतलेली एखादी मुलगी. ती शिकता शिकता भावंड सांभाळायची आणि म्हणूनच शाळेत येऊ शकायची. लांबच्या शाळेत तिला ते जमलंच नसतं. रोवणीच्या दिवसांत वेळ सकाळची करायची, हे वस्ती आणि शिक्षक मिळून ठरवायचे. त्यासाठी कुणी परिपत्रक काढलेलं नव्हतं.

विद्यामंदिरात जे साधलं नव्हतं ते इथे साधलं होतं. शाळा अंगणात आली होती. किंमत वस्तीशाळेत शिकवणाऱ्या त्या निमशिक्षकांनी मोजली. त्यांच्या वयाचे शिक्षणसेवक 3,000वर लागत होते आणि तीन वर्षांनी कायम होत होते. हे हजारावर राहिले, मोर्चे काढले, आझाद मैदानात बसले. पुढे वस्तीशाळांचं नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झालं आणि 2014मध्ये या निमशिक्षकांना सेवेत सामावून घेतलं गेलं. तोवर तरुणपण संपलं होतं.

त्याच 2000 सालात दुसरा निर्णय झाला. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी टीकेची झोड उठवली. गावातल्या बापाला मात्र ते बरोबर कळलं होतं. इंग्रजीसाठी मूल खासगी शाळेत घालणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि जे तालुक्याच्या मुलाला मिळतं ते आपल्याही पोराला मिळावं एवढंच त्याला हवं होतं. निवड म्हणजे नुसतं उठून दुसरीकडे जाणं नव्हे. आहे त्याच शाळेत जास्त काही मागणं हीही निवडच, आणि गरिबाला परवडणारी बहुधा तेवढीच.

मग दुसऱ्या प्रकारची निवड आली आणि ती थेट जंगलापर्यंत पोचली. 2010मध्ये आदिवासी विकास विभागाने योजना काढली: आदिवासी मुलांना शहरांतल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत प्रवेश, फी सरकार भरणार. 2015-16पासून राज्यभर दरवर्षी 25,000 मुलांचं लक्ष्य ठेवलं गेलं. फीची रक्कम शाळेच्या दर्जाप्रमाणे मुलामागे वर्षाला 50,000 ते 70,000 रुपये. फ्रीडमनची हुंडी महाराष्ट्रात अवतरली ती अशी, आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या शिक्क्यानिशी. एक फरक राहिला. हुंडीत शाळा आईबाप निवडतात. इथे बहुतेकदा यादीत नाव लागतं आणि कोणती शाळा ते कार्यालय सांगतं.

यादी लागली की घरात पेटी येते. पत्र्याची, कुलपाची, वर पांढऱ्या रंगाने नाव घातलेली. दोन गणवेश, टॉवेल, साबण, तेलाची बाटली, चिवड्याचा डबा. प्रवेश पहिलीत, म्हणजे मूल सहा वर्षांचं. रडत नाही ते गाडी दिसल्यामुळे. रडतं ते पोचल्यावर. आई परत येते आणि दिवाळीची वाट बघते. मूल सुट्टीत येतं तेव्हा इंग्रजी कविता म्हणून दाखवतं, आजीशी गोंडी बोलायला अडखळतं, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा अभिमानही वाटतो आणि काहीतरी सुटल्यासारखंही. मी या योजनेच्या विरोधात नाही. तिच्यातून पुढे गेलेली मुलं आहेत आणि त्यांच्या आईबापांनी डोळे उघडे ठेवून तो निर्णय घेतला होता. पण श्रीमंत घरातलं सहा वर्षांचं मूल चांगल्या शाळेसाठी घर सोडत नाही. त्याची चांगली शाळा बसने वीस मिनिटांवर असते. सहावीपासूनच्या निवासी शाळांची गोष्ट वेगळी. नवेगावबांधचं नवोदय विद्यालय किंवा बोरगाव बाजारची एकलव्य शाळा यांत मूल अकरा वर्षांचं असतं, त्याने परीक्षा दिलेली असते आणि स्वतःच्या पायांवर गेलेलं असतं.

निवडीचं तिसरं रूप 2018मध्ये दिसलं. शासकीय वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करायचं ठरलं. कागदावर हे स्वातंत्र्यच: हवं तिथे जेवा. आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले, पैसे नकोत, जेवण द्या म्हणत. खात्यातले पैसे घरच्या अडीअडचणीला जातात, ताटातला भात जात नाही, हे त्यांना कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा जास्त ठाऊक होतं.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010ला लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांना, हा त्यातला गाजलेला भाग. शहरांत त्याने खरोखर दारं उघडली. फेब्रुवारी 2024मध्ये सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मेमध्ये स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024ला तो बदल रद्द केला. चांगलंच झालं. पण सालेकसाच्या जंगलातल्या टोल्यावर या लढाईचा आवाज फारसा पोचला नाही. जिथे खासगी शाळाच नाही तिथे तिच्या जागांचे 25 टक्के म्हणजे शून्य.

इथल्यासाठी कायद्यातला मोलाचा भाग वेगळाच आहे आणि त्याच्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही. राज्याच्या 2011च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. दोन कोसांची शाळा बेकायदा ठरायला 150 वर्षं लागली.

आणि ती ठरल्यावर लगेच उलटा प्रवास सुरू झाला. डिसेंबर 2017मध्ये शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या काळात दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलांचं जवळच्या शाळेत ‘समायोजन’ करायचं ठरलं. सप्टेंबर 2023मध्ये शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा कराव्यात. राज्यात तेव्हा अशा सुमारे 15,000 शाळा होत्या. नमुने दाखवले नंदुरबारच्या तोरणमाळचे आणि पुण्याच्या पानशेतचे. सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. चार इयत्तांना सहा मुलं आणि एक शिक्षक, खेळायला जोडीदार नाही, गुरुजी बैठकीला गेले की शाळेला कुलूप. मुलाला सवंगडी लागतात हे खरंच आहे.

पण पट कमी का झाला ते पाहा. जन्मदर घटला हे एक. दुसरं असं की त्याच टोल्यावरची दोन मुलं नामांकितला गेली, तीन आश्रमशाळेत, एकाचा बाप नागपूरला बांधकामावर गेला आणि कुटुंब घेऊन गेला. सरकारने एका हाताने निवड दिली आणि त्या निवडीने रिकामी झालेली शाळा दुसऱ्या हाताने बंद करायला काढली. मागे राहतात ती सहा मुलं. ज्यांची नावं यादीत लागली नाहीत, किंवा ज्यांच्या आयांना सहा वर्षांचं लेकरू लांब पाठवायचं नव्हतं. त्यांनीही निवड केलीच होती. त्यांनी जवळची शाळा निवडली होती.

समूहशाळेला बस येईल असं सांगतात. मानव विकासच्या निळ्या बसने मुली हायस्कुलात जातात, हे शाळेच्या बसचं चांगलं उदाहरण आहे. पण ती आठवी-दहावीची मुलगी असते. पहिलीचं लेकरू पावसाळ्यात जंगलातल्या फाट्यावर उभं करून कामावर जाणारी आई मला तरी दिसत नाही. ती त्याला घरीच ठेवेल आणि रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात पुन्हा ‘सतत गैरहजर’ असं लिहिलं जाईल.

शेजारच्या गडचिरोलीत एका गावाने याच्या पुढची निवड करून पाहिली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने ठराव केला आणि 2019मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. लिंगोच्या गोटुलाचंच नाव. मुलं घरच्या भाषेत लिहायला-वाचायला शिकू लागली. 2022मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली की शाळा विनापरवाना आहे, शिक्षण हक्क कायद्यानुसार बंद करा, नाहीतर दंड. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. इंग्रजी शाळेसाठी मुलामागे 70,000 मोजणाऱ्या सरकारला गावाने स्वतः चालवलेली गोंडी शाळा मात्र बेकायदा वाटते! कायद्याची अक्षरं कदाचित नोटीस काढणाऱ्याच्या बाजूने असतील. पण आईबापांना निवड द्यायची म्हणता, तर त्यांनी हे निवडलं आहे.

आता जवळची शाळा वाचवण्याचं. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी हजेरीवर 21 नावं असली की शाळेवरची टांगती तलवार वर्षभर टळते, 20 असली की नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती बसवली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तिचा ठराव वरचं कार्यालय सहजासहजी बाजूला सारू शकत नाही, पण तो लेखी हवा, तारखेसह हवा. गावची शाळा विसाच्या आसपास असेल तर रोवणी आटोपल्यावर, सप्टेंबर लागायच्या आत, एक दिवस शाळेत जा, पटाचं रजिस्टर मागा आणि नावं मोजा.